थंडीत गाडी धुणे: पाणी न ओतता, ओरखडे न पाडता (अनुभवी लोकांनी सांगा)

तांबडा_पांढरा | ११ जानेवारी, रात्री ९:४०

मंडळी, नमस्कार. मुक्काम मिसिसागा, ऑन्टॅरिओ, कॅनडा. इथे येऊन तीन वर्षं झाली, पण स्वतःच्या गाडीचा हा पहिलाच हिवाळा. ऑगस्टमध्ये घेतली, तीही काळी. तेव्हा सगळे म्हणाले की काळी घेऊ नकोस. ऐकतो कोण?

डिसेंबरपासून रस्त्यावर (बर्फ वितळावा म्हणून टाकतात ते) मीठ पडतंय. बर्फ पडायच्या आदल्या दिवशीच टँकर येऊन मिठाच्या पाण्याच्या पांढऱ्या रेघा ओढून जातो, मग खडं मीठ, मग चिखल. गाडी राखाडी झालीय. परवा कोल्हापूरला व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली तर म्हणाले, "अरे, बुरशी आली काय रे गाडीला?"

तेच मनाला लागलं. त्याच रात्री खाली पार्किंगमध्ये गेलो, किचनमधलं फडकं ओलं केलं आणि बोनेट पुसलं. वरून झक्क दिसलं. दुसऱ्या दिवशी बाहेर उन्हात उभी केली तर बोनेटभर गोल गोल बारीक रेघा, कोळ्याचं जाळं असतं ना तशा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

अडचण अशी. राहतो अपार्टमेंटमध्ये, गाडी तळघरातल्या पार्किंगमध्ये. तिथे नळ नाही आणि पाईप लावून गाडी धुवायला बिल्डिंगची बंदी आहे. बाहेर उणे १२. ब्रशवाल्या ऑटोमॅटिक वॉशला न्यायची आता हिंमत नाही. बादलीभर पाण्यात, वरून पाणी न ओतता धुता येतं असं ऐकलंय. खरंच जमतं का? की अजून रेघा मारून बसेन?

मिनेसोटाचा_मामा | ११ जानेवारी, रात्री १०:१५

भाचा, इथे २२ हिवाळे काढलेत. सल्ला एका ओळीत: टचलेसला (ब्रश न लावता नुसत्या पाण्याच्या दाबाने धुतात तिथे) जा, खालून धुवून घे, घरी ये, झोप.

रंगाला कोण बघतंय? मीठ खातं ते खालून. ब्रेकच्या नळ्या, सायलेन्सर, सस्पेन्शनचे नट. वरचा रंग चकचकीत आणि खाली पोपडे निघतायत अशा गाड्या मी भरपूर पाहिल्यात. तुझ्या त्या बादलीतून खालचं मीठ निघणार आहे का? नाही. मग कशाला तळघरात रात्री उकिडवं बसायचं.

काळी गाडी घेतलीस, आता भोगा. (हलके घ्या.)

चिनूक | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

मामांचं अर्धं बरोबर आहे, अर्ध्याबद्दल बोलते.

मी कॅनडातच, कॅल्गरीत आहे, गाडी गडद निळी, सातवा हिवाळा. पाणी न ओतता धुण्याला इथे रिन्सलेस वॉश म्हणतात. बादलीत पाणी, त्यात थोडंसं द्रावण, त्याने गाडी धुवायची आणि तसंच कोरडं करायचं. साबणासारखा फेस होत नाही, त्यामुळे वरून पाणी मारावं लागत नाही. यातलं एक जुनं, गाजलेलं नाव म्हणजे ऑप्टिमम नो रिन्स, लोक ओएनआर म्हणतात. आता इतर कंपन्यांचीही आहेत, काम साधारण तेच. प्रमाण १ ला २५६, म्हणजे चार लिटर पाण्याला जेमतेम १५ मिलि, एक मोठा चमचा. "थोडं जास्त घालू, जास्त स्वच्छ होईल" हा आपला देशी हिशोब इथे लावू नये, नुसते डाग राहतात.

रिन्सलेस आणि वॉटरलेस यांत गल्लत करू नकोस. वॉटरलेस म्हणजे बाटलीतून फवारायचं आणि पुसायचं. ते उन्हाळ्यातल्या हलक्या धुळीला ठीक. मिठाच्या थरावर वॉटरलेस म्हणजे तू किचनच्या फडक्याने जे केलंस तेच, फक्त महागातलं.

आता मुद्दा. रिन्सलेसने ओरखडे पडतात का? पडतात, जर घाण घासलीस तर. धुण्याची पद्धत कुठलीही असो, खडा रंगावरून ओढला की रेघ उमटते. सगळी कसरत एवढ्याचसाठी की खडा आधी भिजून सुटावा, फडक्याने तो वर उचलावा आणि तीच बाजू पुन्हा गाडीला लागू नये.

मी असं करते:

आधी बोट न लावता गाडी बघते. थर पापडासारखा जाड असेल, चाकांच्या वर चिखलाचे गोळे असतील, तर रिन्सलेसचा विचारच करत नाही. सरळ नाणी टाकून आपली गाडी आपणच धुवायच्या सेल्फ सर्व्हिस बेमध्ये जाऊन नुसत्या पाण्याच्या दाबाने थर उडवते, खालून, चाकांच्या कमानींतून, दाराखालच्या पट्टीवरून. तिथे भिंतीवर एक फेसाचा ब्रश टांगलेला असतो, त्याला हात लावायचा नाही. तुझ्या आधी कोणीतरी शेतातून आलेला पिकअप त्याच ब्रशने घासलेला असतो. मग घरी येऊन उरलेल्या राखाडी पडद्यासाठी बादली.

बादलीत कोमट पाणी आणि द्रावण. त्यात दहा-बारा मऊ मायक्रोफायबर फडकी बुडवून ठेवायची. कुंड्यांना औषध मारायचा हातपंप असतो ना, त्यात हेच द्रावण भरून एका वेळी एकच भाग भिजवायचा. समज, डावं पुढचं दार. भरपूर. ओघळ खाली यायला लागतात, राखाडी, मग दुधाळ. दोन-तीन मिनिटं थांब. हे थांबणंच लोकांना जमत नाही.

मग एक फडकं बादलीतून काढायचं, फार पिळायचं नाही, पाणी ठिबकत असायला हवं. दोनदा घडी घातली की चार चौकोन, दोन्ही बाजू धरून आठ. घडी दारावर ठेवायची आणि फडक्याच्या वजनानेच वरून सरळ एका दिशेने न्यायची. दाब नाही, गोल गोल फिरवणं नाही, मागे-पुढे तर नाहीच. एक फटका झाला की बाजू बदल. आठ बाजू संपल्या की ते फडकं बाजूच्या रिकाम्या टबात. परत बादलीत नाही! इथेच नव्वद टक्के लोक चुकतात. फडकं बादलीत परत गेलं नाही तर बादली शेवटपर्यंत स्वच्छ राहते. अमेरिकेतल्या गॅरी डीन नावाच्या डिटेलरने (गाड्या साफ करून चमकवणाऱ्याने) ही अनेक फडक्यांची पद्धत लोकप्रिय केली.

लगेच दुसऱ्या, मोठ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. घासायचं नाही, टिपायचं.

क्रम वरून खाली: टप, काचा, बोनेट, दारांचा वरचा भाग, मग डिकी, आणि अगदी शेवटी दारांचा खालचा हातभर पट्टा. हा पट्टा आणि मागची बाजू सगळ्यात घाणेरडी असते, त्यांना फडकी वेगळी. चाकांची तर अगदी वेगळी, त्यावर मार्करने मोठ्ठं "चाक" लिहून ठेव. ब्रेकची लोखंडी पूड एकदा फडक्यात गेली की धुऊनही पूर्ण निघत नाही.

रसायनवाली | १२ जानेवारी, सकाळी ११:३०

चिनूकताई, सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली. माझ्याकडून थोडी भर.

बिचाऱ्या मिठाला उगाच शिव्या बसतायत. गंजाबद्दल शिव्या द्या, ओरखड्यांबद्दल नको. मिठाचा स्फटिक तसा मऊ असतो, खनिजांच्या मोह्स पट्टीवर (१ ते १०) कडकपणा साधारण अडीच. शिवाय पाणी लागलं की विरघळतो. त्याच चिखलात रस्त्यावरची वाळू असते, ती म्हणजे क्वार्ट्झ (गारगोटी), कडकपणा ७. ती विरघळत नाही, कितीही भिजवा. गाडीच्या रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो, आपल्या केसाहूनही पातळ. त्या वाळूपुढे तो काय टिकणार.

म्हणून भिजवण्याचं खरं काम असं की मीठ विरघळतं आणि त्या मिठाने धरून ठेवलेली वाळू मोकळी होते. मुरमुऱ्याच्या लाडवातला गूळ विरघळल्यासारखं समजा. लाडू फुटतो, मुरमुरे सुटे. ते मुरमुरे ओघळाबरोबर खाली जायला हवेत. उरलेले द्रावणातल्या पॉलिमरमुळे बुळबुळीत होतात आणि फडक्याच्या तंतूंत शिरतात. सुटे व्हायच्या आत फडकं फिरवलं तर तुम्ही सँडपेपर फिरवताय.

आणखी एक. बरेच जण म्हणतात गरम पाण्यात मीठ पटकन निघतं. साध्या मिठाची विद्राव्यता तापमानाने फारशी बदलत नाही. १०० मिलि पाण्यात शून्य अंशाला सुमारे ३५.७ ग्रॅम, २० अंशांना ३६ च्या आसपास. कोमट पाणी हवं ते रस्त्यावरच्या तेलकट थरासाठी, आणि मुख्य म्हणजे आपल्या बोटांसाठी. उकळतं पाणी मात्र कधीच नको, गार काचेवर पडलं तर काच तडकू शकते.

कॅल्गरीसारख्या फार थंड प्रदेशांत साधं मीठ निरुपयोगी होतं. साधारण उणे १० च्या खाली त्याचा जोर ओसरतो. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदू उणे २१ च्या खाली जातच नाही, प्रमाण कितीही वाढवा. म्हणून तिकडे वाळू आणि बारीक खडी जास्त टाकतात. तेव्हा चिनूकताईंच्या गाडीला ओरखड्यांचा धोका जास्त, तांबड्या-पांढऱ्याच्या गाडीला गंजाचा. काही ठिकाणी मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड वापरतात. ते हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे गाडी कोरडी दिसली तरी तो थर ओलसरच राहतो.

मिनेसोटाचा_मामा | १२ जानेवारी, दुपारी १२:१०

बाई, लाडवाचं उदाहरण देऊन भूक लावलीत.

पण एवढं सगळं वाचून मी विचारतो: बारा फडकी, दोन बादल्या, फवारा, अडीच तास. दर आठवड्याला?

चिनूक | १२ जानेवारी, दुपारी १:००

पहिल्यांदा अडीच, आता मला ५० मिनिटं लागतात मामा. आणि दर आठवड्याला नाही. आमच्याकडे चिनूक वारा (डोंगरावरून येणारा उबदार वारा) सुटला की एका दिवसात उणे २० वरून शून्याच्या वर जातं. त्या दिवशी अख्खं शहर गाडी धुवायला बाहेर पडतं, नाण्यांच्या बेला ही रांग. नाव काय उगाच घेतलंय का मी? हिवाळ्यात असे चार-सहा मुहूर्त मिळतात, त्यात भागवते.

कोथरूडचा_कट्टा | १३ जानेवारी, सकाळी ८:२० (भारत)

आम्हा गरिबांच्या पुण्यात बर्फ नाही, मीठ नाही, पण दुखणं तेच! डिसेंबर-जानेवारीत पहाटे दव पडतं, समोर दोन इमारतींचं बांधकाम चालू, सिमेंट आणि दगडाची धूळ दवात भिजून गाडीवर बसते आणि नऊ वाजेपर्यंत वाळून कडक. साडेसहाला गाडी पुसणारे काका येतात. एक बादली, एक फडकं, सतरा गाड्या. माझी अकरावी. म्हणजे आधीच्या दहा गाड्यांची धूळ माझ्या बोनेटवर फिरते. बादलीतलं पाणी तोवर चहासारखं झालेलं असतं.

त्याआधी पिसांच्या झाडणीने कोरडं झटकतात ते वेगळंच. रात्री मोबाईलचा टॉर्च बोनेटवर धरला तर दिवाळीतलं भुईचक्र दिसतं.

काकांना बंद करणं जमणार नाही, बायकोचा विरोध आहे, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये. काय करू?

चिनूक | १२ जानेवारी, रात्री १०:१५

काकांना आपली स्वतःची सहा फडकी द्या आणि फक्त तुमच्या गाडीला वापरायला सांगा. कोरडी झाडणी बंद. दव ओलं असतानाच पुसायचं, वाळल्यावर नाही. द्रावण घातलेली लहान बाटली द्या, आधी फवारून दोन मिनिटं सोडायचं आणि तोवर शेजारच्या गाडीच्या काचा करायच्या. रोज पुसायची गरजही नाही. पगार तोच ठेवून आठवड्यातून दोनदा म्हणा. काका खूश, गाडी खूश.

लातूरचा_लोटा | १३ जानेवारी

हा सगळा धागा वाचून हसू येतंय. चार लिटरात गाडी धुता येते हे आम्हाला शिकवताय? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आमच्या गावाला. तेव्हा आंघोळीचं पाणी परातीत धरून त्यात फरशी, मग तेच पाणी संडासला. गाडी धुणाऱ्याकडे लोक चोराकडे बघावं तसं बघायचे.

तेव्हा एक शिकलो ते इथे कामाचं आहे. लोट्यातून पाणी ओतलं की पाणी जातं आणि घाण राहते. फडकं भिजवून घाणीवर पसरून ठेवलं की घाण फडक्यात येते. पक्ष्याची विष्ठा वाळली असेल तर अजून तसंच करतो, ओलं फडकं पाच मिनिटं वर टाकून ठेवायचं आणि मग उचलायचं. घासायचं नाही. आईने भांड्यांवरची करपलेली खीर काढायला शिकवलं तसं.

बसवनगुडीकर | १३ जानेवारी

+१ लोटा. बंगळुरूत मार्च २०२४ मध्ये पाणीपुरवठा मंडळाने पिण्याचं पाणी गाडी धुवायला वापरण्यावर बंदी घातली, पहिल्याच वेळी ५००० रुपये दंड. त्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर "नो रिन्स" हा शब्द पहिल्यांदा आला, आणि जे लोक मला "बाटलीवाला" म्हणून चिडवायचे तेच प्रमाण विचारायला लागले. थंडीचा संबंध नाही, अवांतराबद्दल क्षमस्व.

तांबडा_पांढरा | १३ जानेवारी, रात्री १०:५५

सगळ्यांचे आभार. चिनूकताई, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फ्रिजला लावलाय.

आता शंका. १. तळघरात साधारण ८ अंश असतात, चालेल ना? २. घाण पाणी कुठे टाकू? ३. धुतल्यावर लगेच बाहेर उणे १५ मध्ये काढली तर दारं चिकटतील का? ४. सिरॅमिक कोटिंग (रंगावर पारदर्शक कडक थर) करून घेतलं तर ही कटकटच संपेल, असं एका दुकानदाराने सांगितलं.

चिनूक | १४ जानेवारी

आठ अंश छान. भाग ओला असताना गोठता कामा नये, एवढंच. बाहेर उणेमध्ये हा उद्योग करू नकोस, फवारलेलं तिथेच साखरेच्या पाकासारखं धरतं.

पाणी वर घरी नेऊन संडासात ओत. पार्किंगमधल्या जाळीत नको, ती कुठे जाते ते माहीत नसतं. बादली अर्धीच भर, म्हणजे लिफ्टमध्ये सांडणार नाही. (सांडली होती. शेजारची आजी अजून ओळख देत नाही.)

सिरॅमिकने घाण कमी चिकटते आणि लवकर सुटते, हे खरं. ओरखडे पडत नाहीत, हे खोटं. वाळू ओढलीस तर सिरॅमिकवरही रेघ येणारच. आणि आधीच रेघा आहेत त्यावर कोटिंग केलंस तर त्या रेघा काचेखाली फ्रेम करून ठेवल्यासारखं होईल. आधी पॉलिश, मग कोटिंग. तेही वसंतात.

श्टुटगार्टकर | १४ जानेवारी

दारांबद्दल मी सांगतो. धुतल्यावर प्रत्येक दार उघडून रबराची पट्टी आणि ती जिथे टेकते ती कड, दोन्ही कोरडी करायची. लोक दार पुसतात, रबर विसरतात. मग सकाळी दार ओढलं की रबर फाटून हातात. इकडचे जुने लोक रबराला हिर्शटाल्ग लावतात, म्हणजे हरणाची चरबी, लिपस्टिकसारख्या कांडीत मिळते. आमच्या शाकाहारी घरात ती आणल्यावर जे महाभारत झालं ते वेगळं लिहीन. सिलिकॉनची कांडी घ्या, तेवढीच चालते. पेट्रोल टाकीचं झाकण आणि डिकीचं कुलूप विसरू नका.

जर्मनीत घरासमोर गाडी धुणं हा नाजूक विषय आहे. नियम गावागावाचे वेगळे, पण बऱ्याच ठिकाणी मनाईच, कारण तेल आणि साबण जमिनीत किंवा पावसाच्या गटारात जातो. शेजारी खिडकीतून बघत असतातच. आणि सेल्फ सर्व्हिस बॉक्समध्ये स्वतःची बादली आणायला बहुतेक ठिकाणी बंदी, पाटीच असते तशी. म्हणून मी पण तिथे फक्त दाबाने थर उडवतो आणि गॅरेजमध्ये येऊन ओलं फडकं फिरवतो. चिनूकताईंशी तंतोतंत सहमत, फक्त मी टप शेवटी करतो, कारण पाठ.

मिनेसोटाचा_मामा | १४ जानेवारी, सायंकाळी

एक प्रश्न कोणीच विचारला नाही म्हणून विचारतो. पोराची गाडी रोज गरम तळघरात उभी असते. बाहेरून बर्फ-मीठ घेऊन यायची आणि रात्रभर आत वितळायचं. माझी गाडी बाहेर उणे २० मध्ये गोठलेली असते, मीठही गोठलेलं. गंज कोणाला जास्त?

रसायनवाली | १४ जानेवारी, रात्री

मामा, इथे तुम्हाला पूर्ण गुण. गंज ही रासायनिक क्रिया, तिला ओल लागते, आणि ऊब मिळाली की वेग वाढतो. गोठलेल्या मिठाच्या थरात ती जवळजवळ थंडावते. गरम पार्किंगमध्ये रोज वितळणं, ओलं राहणं, परत मीठ. म्हणून तांबडा_पांढरा, तुमच्यासाठी खालून पाणी मारून घेणं मामांपेक्षा जास्त गरजेचं आहे. बोनेट चमकवून खालचं विसरू नका. हिवाळ्याआधी खालून तेलाचा किंवा लॅनोलिनचा (मेंढीच्या लोकरीतल्या चरबीचा) थर मारून देणारे कॅनडात गल्लोगल्ली आहेत. पुढच्या ऑक्टोबरात ते करून घ्या.

मिनेसोटाचा_मामा | १४ जानेवारी, रात्री

बायकोला हा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला.

तांबडा_पांढरा | २ फेब्रुवारी, रात्री ११:३०

वृत्तांत. उशीर झाला, कारण मध्ये बर्फाचं वादळ आणि ऑफिस.

शनिवारी शून्याला टेकलं होतं. दुपारी दोनला नाण्यांच्या बेवर गेलो. थर इतका होता की पाणी मारल्यावर दाराखालच्या पट्टीवरून राखाडी पातळ भात पडावा तसं पडत होतं. चाकांच्या कमानींतून विटेएवढा एक गोळा निघाला. आठ मिनिटं नुसतं पाणी. शेजारचा माणूस मला ब्रश देत होता, मी नको म्हटल्यावर त्याने खांदे उडवले.

घरी येऊन पार्किंगमध्ये मांडामांड. अर्धी बादली कोमट पाणी, मोजून साडेसात मिलि (आईने पाठवलेल्या कफ सिरपच्या टोपणाने), १४ फडकी, हातपंप, रिकामा टब, एक डोक्याला लावायचा टॉर्च. चालणारे लोक थांबून बघत होते. एक पंजाबी काका म्हणाले, "पुत्तर, शादी है क्या?"

पहिलं दार. फवारलं आणि मोबाईलवर तीन मिनिटं लावली. ते ओघळ बघत बसलो. वरचे ओघळ स्वच्छ होत गेले तरी खालून काळपट धार चालूच. तेव्हा कळलं की मी त्या रात्री बोनेटवर काय काय फिरवलं होतं. मग फडकं ठेवलं, ओढलं, आणि उलटून पाहिलं. पांढऱ्या फडक्यावर एक करडा पट्टा आणि त्यात चार-पाच काळे ठिपके, बोटाला लागतील एवढे. आवाज नाही. त्या रात्री किचनच्या फडक्याला जी बारीक खरखर येत होती ती आली नाही, यावरच मी खूश.

गाढवपणाही सांगतो. डाव्या मागच्या दारापाशी फडकं हातातून निसटून जमिनीवर पडलं. उचललं, झटकलं, आणि लावणार एवढ्यात फ्रिजवरचा प्रिंट आठवला. टबात टाकलं. नंतर वर नेऊन उजेडात बघितलं तर त्यात काचेसारखा एक खडा रुतला होता, झटकून पडला नव्हता.

दुसरं, डिकीच्या काचेखाली जिथे नंबरप्लेट असते तिथे हात घालायला जागा नाही, तिथे घाईत दोनदा मागे-पुढे केलं. तिथे दोन नव्या रेघा आहेत. माझ्या.

एकूण वेळ दोन तास दहा मिनिटं. पाठ गेली. श्टुटगार्टकर, टपाचं तुमचं बरोबर आहे.

शेवटी प्लास्टिकची पातळ पिशवी हाताला घालून बोनेटवर बोटं फिरवून पाहिली, कुठेतरी वाचलं होतं तसं. पिशवीतून बारीकसा कणही जाणवतो. टप आणि दारं गुळगुळीत, बोनेटच्या पुढच्या कडेला अजून खरखर आहे.

चिनूक | ३ फेब्रुवारी

शाब्बास! पहिल्या वेळेला एवढं म्हणजे उत्तम.

ती कडेची खरखर म्हणजे रंगात रुतलेले कण, धुण्याने जाणार नाहीत. त्याला क्ले बार लागतो, मातीचा मऊ गोळा. तो आता नको, थंडीत तो कडक होतो. एप्रिलमध्ये कर. बोनेटवरच्या जुन्या रेघाही तेव्हाच, हलक्या पॉलिशने. सगळ्याच काढायच्या मागे लागू नकोस, दर पॉलिशला क्लिअर कोट थोडा जातोच. दोन-तीन खोल रेघा राहू दे.

नंबरप्लेटच्या खोबणीत फडकं नको, रंगाऱ्याचा मऊ ब्रश द्रावणात बुडवून वापर. आणि फडकी वेगळी धू. टॉवेल-मोज्यांबरोबर नाही, सुती धागे चिकटतात. पातळ डिटर्जंट, फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात नको, ड्रायर अगदी कमी गरम. मायक्रोफायबर म्हणजे मुख्यतः पॉलिएस्टरच ते, जास्त उष्णतेने तंतू कडक होतात, आणि मग तेच फडकं ओरखडे काढतं.

आणि हो, बर्फ झाडायचा फोमचा झाडू रंगाला टेकवू नकोस. वरचा बर्फ ढकल, शेवटचं बोटभर राहू दे, गाडी गरम झाली की तो आपोआप घसरतो. खरवडणी फक्त काचेला.

कोथरूडचा_कट्टा | ५ फेब्रुवारी (भारत)

माझाही वृत्तांत. काकांना सहा फडकी आणि बाटली दिली, सगळं समजावलं. पहिल्या दिवशी त्यांनी बाटलीतलं सगळं एकदाच बादलीत ओतलं आणि सहाही फडकी एकत्र पिळून सतराही गाड्या पुसल्या. म्हणाले, "साहेब, फडकी झकास आहेत, सगळ्यांना वापरली."

आता बाटली माझ्याकडेच ठेवतो. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी सहाला खाली जाऊन मी स्वतः फवारतो, काका येऊन पुसतात, पगार तोच. बायको म्हणते, मग काका कशाला? यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

मिनेसोटाचा_मामा | ५ फेब्रुवारी

तांबड्या, ते द्रावण कुठून घेतलंस, लिंक पाठव. मला नको, बायकोच्या गाडीला.

तांबडा_पांढरा | ६ फेब्रुवारी

व्यक्तिगत निरोप केलाय मामा. :)

काल बाबांना परत व्हिडिओ कॉलवर गाडी दाखवली, आणि पाणी न ओतता धुतली म्हणून सगळी पद्धत सांगितली. फवारा, फडकी, आठ बाजू, सगळं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे पुसलीसच की रे." मग मागून आई: "माझं कफ सिरपचं टोपण कुठाय?"

सकाळी परत मीठ पडलंय.